शेवटच्या चेंडूपर्यंत गप्प

कुकरची शिट्टी झाली आणि मिस आयोना हातातली इस्त्री तशीच धरून दचकली. सकाळपासून स्वयंपाकघरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"तुजं ह्ये यंत्र येक दिवस माजा जीव घेनार बघ," ती म्हणाली.

आठ दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं.

मिस आयोना आमची घरमालकीण. कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटावर तिचं निळ्या खिडक्यांचं घर. बेटाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला फोन करतात. घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, मी, माझा नवरा कौस्तुभ आणि चार वर्षांची जुई. इचलकरंजीच्या कुंभोजकर साहेबांनी पाण्याच्या टाक्या विकता विकता तिथला क्रिकेटचा संघ विकत घेतला होता. पेलिकन्स हे त्याचं नाव बदलून त्यांनी कुंभोजकर पेलिकन्स केलं आणि आकडेमोडीला गावचा माणूस हवा म्हणून कौस्तुभला नेलं. मिस आयोनाची भाषा तशी इंग्रजीच, पण बेटावरची. तिचा ठसका ऐकला की मला शिरोळची माझी मावशी आठवायची. म्हणून इथे ती, आणि तिच्या पिढीची माणसं, मावशीसारखीच बोलतील. दुसऱ्या कुठल्या मराठीत ती मला ऐकूच येत नाही.

तिच्या गप्प बसण्याचं कारण असं, की तिला मैदानात यायची बंदी झाली होती. साधी नव्हे, फोटोसकट. प्रत्येक फाटकावर तिचा फोटो चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'प्रवेश नाही'.

आता तिथे सामना कसा बघतात ते सांगायला हवं. ढोल असतात, शंख असतात, गाडीच्या जुन्या चाकाचं लोखंड सळईने बडवणारे असतात. आणि या सगळ्यावर ताण म्हणजे आपल्याच खेळाडूंची मनसोक्त हजामत. पाहुण्या संघाला कुणी फारसं बोलत नाही. पाहुण्यांशी नीट वागायचं असतं. घरच्यांना मात्र सोडत नाहीत. त्यात सगळ्यांत मोठा आवाज मिस आयोनाचा आणि तिचं गिऱ्हाईक एकच, कर्णधार अल्विन ग्रेग्वार. वय अडतीस, एकेकाळचा तुफान गोलंदाज, आता एका गुडघ्यावर धावणारा.

आदल्या आठवड्यात कुंभोजकर साहेब पहिल्यांदाच बेटावर आले आणि पाहुण्यांच्या सज्जात बसले. अल्विनने चेंडू टाकला, फलंदाजाने तो सीमेपार धाडला, आणि समोरच्या गर्दीतून आवाज आला, "आल्विन, तुज्या चेंडूपरीस माजी कोंबडी जोरात पळती! तिला घ्या की संघात!"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे काय प्रोफेशनल वातावरण आहे?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षक वर्तनसंहिता आली. ढोल फक्त दोन षटकांच्या मध्ये. घोषणा फक्त मंजूर झालेल्या. आपल्या खेळाडूचा अपमान करणाऱ्याला आधी समज, मग बाहेर. आणि 'त्या बाई'ला कायमची बंदी. संहिता पाळून घ्यायला प्रेक्षक वर्तन अधिकारी हवा होता. साहेब कौस्तुभला म्हणाले, "वहिनी नाहीतरी घरीच असतात." मग मला एक नारिंगी जाकीट मिळालं. जुईमागे दिवसभर धावणं म्हणजे घरीच असणं, हे मला त्या दिवशी कळलं.

एवढंच सांगायचं राहिलं, की अल्विन मिस आयोनाचा मुलगा. हे सगळ्या बेटाला माहीत होतं, म्हणून कुणी साहेबांना सांगितलं नाही. साहेबांनीही कुणाला विचारलं नाही.

कुकरने तिला दचकवलं त्या दिवशी दुपारी अल्विनचा शेवटचा सामना होता. नंतर तो क्रिकेट सोडणार होता. त्याचा पहिला सामना त्याच मैदानावर मिस आयोनाने पाहिला होता, आणि आजचा तिला दिसणार नव्हता. तरी ती त्याचा शर्ट इस्त्री करत होती. कॉलर तिसऱ्यांदा.

अल्विन नेहमीसारखा मागच्या दाराने आला. सामन्याच्या दिवशी तो आईकडेच नाश्ता करायचा.

"गुडघा?" तिने विचारलं.

"आहे."

जुई त्याच्या मांडीवर चढली. "अल्विन, आज आजी तुला ओरडणार?"

"आज नाही."

"का?"

"नियम आहे."

मला राहवलं नाही. "अल्विन, तू एकदा साहेबांशी बोललास तर? आई आहे म्हणून सांगितलंस तर ते काही—"

"मिस वृषाली," तो शांतपणे म्हणाला, "संहितेवर पहिली सही माझी आहे. कर्णधार आहे मी. सगळ्यांच्या आयांना एक नियम आणि माझ्या आईला दुसरा, असं कसं चालेल?"

"बरूबर हाय," मिस आयोना शर्टावर पाणी शिंपडत म्हणाली. तो विषय तिथेच संपला. त्या घरात प्रोफेशनल होण्यासाठी कुणाला जाकीट लागत नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब.

"वहिनी, एक काम. अल्विनचा निरोप समारंभ आपल्या पद्धतीने करायचा. मातृपूजन! शाल, श्रीफळ. आपल्या प्रायोजक विमा कंपनीची माणसं येणार आहेत, टीव्हीवर दिसलं पाहिजे. त्याच्या मातोश्रींना शोधून काढा. पांढरे केस आहेत ना? सोज्वळ दिसतात ना?"

मी मिस आयोनाकडे पाहिलं. केस पांढरे होते.

"साहेब, त्यांना तुम्ही बंदी घातली आहे."

"कुणाला?"

"मातोश्रींना. त्या कोंबडीवाल्या बाई, त्याच."



"त्या त्याच्या आई आहेत?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "आई असं बोलते? पोटचा मुलगा ऐकून घेतो?"

"पोटचाच ऐकून घेतो, साहेब."

"पण कार्डं छापून झाली, वहिनी! 'आई हेच पहिलं प्रशिक्षण केंद्र' असं आहे त्यावर." मग त्यांच्यातला टाक्या विकणारा माणूस जागा झाला. "असं करा. येऊ दे त्यांना. माझ्या शेजारी मानाने बसतील. पण अट एकच. सामन्याचा शेवटचा चेंडू पडेपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. जमतंय का, विचारा."

मी विचारलं. मिस आयोनाने इस्त्री उभी करून ठेवली.

"शेवटचा चेंडू पडंस्तवर?"

"हो."

"येकबी शबुद न्हाई?"

"नाही."

अल्विनच्या हातातला पाव तसाच राहिला. "ममा, नको," तो म्हणाला. "गप्प बसायचं असेल तर येऊच नकोस. खरंच. घरी रेडिओवर ऐक."

"पयला बगितला, शेवटचा बगनार. सांग तुज्या सायबाला, आयोनानं शबुद दिला."

अल्विन नाश्ता अर्धवट टाकून, इस्त्रीचा शर्ट हातावर घेऊन निघून गेला. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, आई येतेय तर आनंद व्हायला हवा. म्हाताऱ्या आईच्या शिव्या चुकल्या म्हणून कोण रुसतं?

मैदान भरलं होतं. मिस आयोना चर्चमधली जांभळी टोपी घालून सज्जात साहेबांच्या शेजारी बसली. सज्जा सीमारेषेच्या अगदी जवळ. जुई तिच्या मांडीवर आणि जिन्याच्या तोंडाशी जाकीट घालून मी. साहेबांनी तिच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. मिस आयोनाच्या परसात चाळीसेक माड होते. तिने नारळ कानाशी नेऊन हलवला, बोटाने टिचकी मारली, काय कळायचं ते तिला कळलं, आणि तो खुर्चीखाली ठेवला. अल्विन शेजारी उभा होता. ती समोर बघत राहिली. टीव्हीवाले म्हणाले, "भावुक क्षण."

पडद्यावर मंजूर घोषणा झळकल्या: 'छान खेळलात', 'चांगला प्रयत्न', 'पुढच्या वेळी नक्की'.

गर्दीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग जांभळ्या टोपीकडे. टोपी हलत नव्हती. ढोलवाल्यांनी काठ्या खाली ठेवल्या. शंख पिशवीत गेले. बघता बघता सगळं मैदान चिडीचूप झालं. समुद्राची गाज ऐकू यायला लागली. त्या मैदानावर ती ऐकू येते हे तिथल्या माळ्यालाही नवीन असावं.

साहेब विमा कंपनीच्या माणसांकडे वळले. "बघितलंत? आठ दिवसांत! आपल्याकडे वीस वर्षांत जमलं नसतं."

पण टीव्हीला आवाज लागतो. त्याचीही सोय होती. कर्ण्यांमधून दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या गर्दीचा टेप केलेला जल्लोष सुरू झाला. त्यात दर थोड्या वेळाने एक माणूस जीव तोडून "मारिओ! मारिओ!" म्हणून ओरडायचा. दोन्ही संघांत मारिओ कुणी नव्हता. आमचा गडी त्रिफळाचीत झाला तरी मारिओचा जयजयकार चालूच.

मी गर्दीतून फेरी मारली. फिलबर्ट न्हावी हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसला होता. एरवी तो शंख फुंकायचा.

"मिस, मी बरा वागतोय न्हवं?" त्याने विचारलं. "पाय हालला मघाशी. समज देनार का?"

"फिलबर्ट, अरे बोला की काहीतरी. मंजूर घोषणा तरी द्या."

"मिस, आमच्या बेटावर समदी मानसं येकदम गप्प कवा बसत्यात ठावं हाय?"

"कधी?"

"मयताच्या मागं चालताना." त्याने सज्जाकडे हनुवटी केली. "आन आईच पोराला बोलंना, मग आमी कोन बोलनार?"

 मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या कानांत ही शांतता कशी वाजत असेल, ते आत्ता कुठे लक्षात आलं.

पेलिकन्सनी बऱ्यापैकी धावा केल्या होत्या, पण क्षेत्ररक्षणाला उतरल्यावर सगळे झोपेत चालल्यासारखे चालत होते. झेल सुटत होते. अल्विन प्रत्येक षटकानंतर सज्जाच्या दिशेने बघायचा, डोळे बारीक करून, पण नजर नेमकी कुठे ठरत नव्हती. जुई आजीच्या कानाशी लागून म्हणत होती, "आजी, ओरड ना. त्याने बघ झेल टाकला." मिस आयोना तिच्या ओठांवर बोट ठेवायची. तिचे स्वतःचे ओठ इतके आवळलेले होते की त्यांचा रंग गेला होता. कौस्तुभने कानातल्या यंत्रातून मला कळवलं, "आकड्यांप्रमाणे आपण जिंकतोय." त्याच चेंडूवर चौकार गेला.

शेवटच्या षटकात पाहुण्यांना अकरा धावा हव्या होत्या. चेंडू अल्विनने घेतला. पहिलाच चेंडू इतका बाहेर गेला की फलंदाजाने बॅट उचललीसुद्धा नाही. पुढचा चौकार. अल्विन वळून आपल्या जागी निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. नुसता उभा. पंच त्याच्याकडे बघताहेत, फलंदाज बघतोय, कर्ण्यात मारिओचा माणूस ओरडतोय. मग त्या टेपलाही काय झालं कोण जाणे, ती खरखरली आणि बंद पडली.

त्या शांततेत माझी लेक उभी राहिली. आजीच्या मांडीवर, आजीच्या खांद्याला धरून. आणि मिस आयोनाच्या भाषेत, तिच्याच ठसक्यात, नाकातून सूर काढून ओरडली,

"आल्विन! तुज्या चेंडूपरीस माजी कोंबडी जोरात पळती!"

अल्विनने मान वर केली. आवाज आला त्या दिशेने पाहिलं. आणि हसला. इतका हसला की गुडघ्यावर हात ठेवून वाकला.

"कुणाचं पोर हे?" साहेब ताडकन उठले.

"माझं."

"वहिनी! तुम्ही अधिकारी आहात!"

"हो साहेब. आधी समज द्यायची असते." मी जुईला समज दिली. तिने शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा ओरडली.

पुढच्या चेंडूवर यष्ट्या उडाल्या. मग गर्दीला कोण आवरणार? ढोल सुरू झाले. शंख बाहेर आले. फिलबर्ट उभा राहून म्हणाला, "आल्विन, पोरीला टाकू दे, तू घरला जा!" कुणी त्याच्या गुडघ्याला तेल घालायला सांगितलं, कुणी त्याच्या आजोबांचं नाव काढलं. एकच बाई गप्प होती. शब्द दिला होता. तिने जुईला कमरेला घट्ट धरलं होतं आणि टोपीची पिसं थरथरत होती.

आणि गंमत म्हणजे, शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना, विमा कंपनीच्या माणसांसमोर, साहेबच खुर्चीवर चढले. "आरं टाक की नीट, मुडद्या! आमचं पैसं काय झाडाला लागल्यात व्हय?" शुद्ध इचलकरंजी. मिस आयोनाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण चाल ओळखीची होती. तिने माझ्या जाकिटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि त्यांच्या पोटरीवर हळूच थोपटलं.

अल्विनने शेवटचा चेंडू टाकला. फलंदाजाने तो त्याच्या डोक्यावरून सरळ समुद्राकडे पाठवला. षटकार. हरलो.

पंचांनी बेल्स उचलल्या. मिस आयोनाने जुईला खाली ठेवलं. शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली. मग ती कठड्याशी गेली.

गर्दीला कळलं. ढोल थांबले. या वेळची शांतता वेगळी होती, ताट वाढून झाल्यावर पहिल्या घासाआधी असते तशी.

"आल्विन ग्रेग्वार!"

तो लंगडत सीमारेषेपाशी आला, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला.

"पयल्या षटकात टोपी तीनदा सारकी केलीस! टोपी पडली न्हवती, अक्कल पडली हुती! चवथ्याला झेल सोडलास, त्यो झेल हुता का चुलीतला नीरफनस? हात भाजला व्हय तुजा? धाव्या षटकात त्या डावऱ्या पोराला तितंच चेंडू दिलास, तितंच! तुज्या बापाला मी रोज तीच मासळी वाढली न्हाई, तू त्या पोराला दर चेंडूला तेच वाढतुयास!"

ती थांबत नव्हती. एकही चेंडू विसरली नव्हती. सगळे साठवून ठेवले होते, क्रमाने. अल्विनचे खांदे हलत होते. हसतोय की काय ते दुरून कळत नव्हतं. फिलबर्ट न्हावी शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता.

"आन त्यो शेवटचा चेंडू! आसला चेंडू मी माज्या नवऱ्यालाबी टाकला नसता!" इथे तिचा आवाज बसला.  मग हळूच, जवळच्या चार रांगांनाच ऐकू जाईल इतकं, म्हणाली, "चल आता. घरला चल. जेवाय ये."

सगळं मैदान उभं राहिलं. साहेब टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, समारंभ रंगला.

गर्दी पांगेपर्यंत आम्ही तिघी सज्जातच बसलो. मी तिला पाणी दिलं. विचारलं, "मिस आयोना, एवढं का बोलता हो त्याला? गोड बोलून नसतं का चाललं?"

तिने टोपी मांडीवर घेतली, वाकलेलं पीस बोटाने सरळ केलं.

"त्येला लांबचं दिसत न्हाई. ल्हानपनापास्नं. हितं पयल्यांदा खेळाय उतरला तवा बारा वर्साचा हुता, एवडी गर्दी, मी कुटं दिसंना म्हनून मैदानातच रडाय लागला. मग मी वराडले. म्हनलं, मी हाय हितं, येड्या, चेंडूकडं बघ. तवाच थांबला रडायचा." तिने पाण्याचा घोट घेतला. "ढोल वाजत्यात, शंख वाजत्यात. त्यातनं गोड शबुद लांब जात न्हाई बाई. शिवी जाती."

खाली अल्विन एकटाच खेळपट्टीपाशी उभा होता. वाकून त्याने मातीला हात लावला, आणि मग लंगडत, आमच्याकडे न बघता, खेळाडूंच्या खोल्यांच्या दाराकडे चालू लागला. मिस आयोना तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

जुई माझ्या कुशीत शिरली. माझ्या जाकिटाची चेन वरखाली करत तिने विचारलं,

"आई, आता आजी कुणाला ओरडणार?"